दीडीची शाळा आणि बाबांचा ब्रेक

मोटार शिकवणाऱ्या माणसाचा पाय ही एक वेगळीच चीज असते. शिकणारा स्टिअरिंगला घट्ट मिठी मारून बसलेला असतो, शेजारी शिकवणारा, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली त्याचा स्वतःचा एक जादा ब्रेक. मास्तरांची उभी हयात त्या जादा ब्रेकवर पाय ठेवून गेली होती. आता त्या पायाला डोक्याची गरजच उरली नव्हती. टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली की मास्तरांचा पाय फरशीवर आपटायचा. बायकोने मिठाचा दुसरा चमचा उचलला की टेबलाखाली धप्प. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई एकदा वर येऊन अगदी गोडीत विचारून गेल्या होत्या, तुमच्याकडे लाकडं फोडता का म्हणून.

मास्तरांची शाळा म्हणजे एक पांढरी गाडी, तिच्या टपावर पाटी, आणि आत मास्तर. बायको एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. तिच्या हाताला थरथर माहीत नव्हती आणि जिभेला भीड. या दोघांना एकच मुलगी, चौथीतली. तिला सगळे दीडशहाणी म्हणायचे, म्हणता म्हणता त्याचं दीडी झालं, आणि पोरीलाही ते नाव पसंत पडलं, कारण तिच्या मते एक शहाणी असण्यापेक्षा दीड असणं केव्हाही फायद्याचं.

पोरगी हुशार होती यात वादच नव्हता. वाद होता तो त्या हुशारीला तोंड फुटायचं त्याचा. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाटी होती, आठ माणसं, आणि खाली किलोत वजन. दीडीने मनातल्या मनात भागाकार केला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भल्या थोरल्या काकांकडे वळून अदबीने विचारलं की काका, तुम्ही स्वतःला एक धरता की दोन, कारण खालचा हिशेब जुळत नाहीये. मास्तरांचा पाय लिफ्टच्या तळावर असा आपटला की लिफ्ट हिंदकळली. काकांना वाटलं आपल्याच वजनाने. तेव्हापासून ते जिन्याने जातात, आणि खरं सांगायचं तर त्यांची तब्येत सुधारली आहे.

तर अशी ही पोरगी कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत जायची. शाळा तशी बरी होती. नळ गळायचा, वर्ग भरगच्च असायचा, खिडकीची एक काच पुठ्ठ्याची होती. पण एके दिवशी वर्गाच्या बाईंनी मास्तरांना बोलावून सांगितलं की दीडीचं यंदाचं गणित केव्हाच संपलंय, ती आता मागच्या बाकावर बसून सातवीचं पुस्तक वाचते, तुम्ही काहीतरी विचार करा. झालं. विचार करा म्हटलं की ज्यांचा विचाराशी संबंध नाही तेही करायला लागतात. दुधवाला म्हणाला, एवढी हुशार पोरगी आणि सरकारी शाळेत? लॅबमधले डॉक्टर म्हणाले, खासगीत हुशार मुलांना फक्त फोटोपुरतं वापरतात. मास्तरांचे मोठे भाऊ म्हणाले की दोन्ही वाईट, पण खासगीचा गणवेश छान असतो.

टेकडीवर एक खासगी शाळा होती. तिथे पोहण्याचा तलाव होता, आकाश बघायची दुर्बीण होती आणि चक्क एक घोडा होता. दरवर्षी ते लोक एका हुशार मुलाला फी न घेता शाळेत घ्यायचे, आणि ते मूल कोणतं हे प्राचार्यबाई जातीने ठरवायच्या. बायकोचं म्हणणं साधं होतं. हुशार पोरगी कुठेही टाका, ती हुशारच राहील. रक्त कुठल्याही हातातून काढलं तरी गट बदलत नाही.

मास्तरांना मात्र हे पटेना. वरवर ते घोडा आणि दुर्बीण असं काहीबाही बोलत, पण आतून त्यांना खरोखर भीती वाटत होती. या पोरीच्या डोक्यात जे काही सतत खदखदत असतं ते चुकीच्या शाळेत थंड पडलं तर? ती चारचौघींसारखी गप्प बसायला शिकली तर? आणि ते आपल्या एका चुकीच्या निवडीने झालं, तर कुठल्या तोंडाने आरशात बघायचं? दोन डगरींवर पाय ठेवून माणूस किती दिवस उभा राहणार.

अशात एका सकाळी गाडीचं दार उघडून खुद्द प्राचार्यबाई आत येऊन बसल्या. त्यांचा ड्रायव्हर काम सोडून गेला होता आणि त्यांनी ठरवलं होतं की आता गाडी आपण स्वतःच चालवायची. मास्तरांना वाटलं, नशीब आपल्या दारात चालत आलं, तेही आगाऊ वेळ घेऊन. आणि त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. असली कल्पना फक्त मोटार शिकवणाऱ्याच्याच डोक्यात येऊ शकते.

मास्तरांचा एक जुना सिद्धांत होता. माणूस खरा कसा आहे हे बोलण्यातून कळत नाही, स्टिअरिंगवर बसवला की कळतं. त्यांनी एका न्यायाधीशांना शिकवलं होतं, त्यांनी गाडी विजेच्या खांबावर घातली आणि खाली उतरून खांबाला झापलं. एक नवरा-बायको एकत्र शिकायला आले होते, ते पहिल्याच चौकात असे भांडले की मास्तरांना मध्ये पडून दोघांना वेगवेगळ्या रिक्षात बसवावं लागलं. तर मग, मास्तर म्हणाले, शितावरून भाताची परीक्षा करू. ज्या शाळेचा मुख्य माणूस गाडी नीट चालवतो, ती शाळा नीट चालते. बायकोने हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही शाळा शोधताय की ड्रायव्हर?" पण मास्तर आता ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

प्राचार्यबाईंचं चालवणं म्हणजे मास्तरांच्या डोळ्यांचं पारणं फिटावं असं. आरसा बघणार, दुसरा आरसा बघणार, पट्टा ओढून बघणार, मगच किल्ली. वळायच्या कितीतरी आधी इंडिकेटर. सिग्नल हिरवा झाला तरी त्या जरा थांबायच्या, न जाणो त्याचं मत बदललं तर. मागचे लोक भोंगे वाजवून घसा कोरडा करायचे, बाईंच्या कपाळावर आठी नाही. गाडी मात्र त्या स्वतः कधीच थांबवत नव्हत्या, कारण त्यांचा पाय ब्रेककडे निघायच्या आत मास्तरांचा पोचलेला असायचा. बाईंना वाटायचं आपणच थांबवली. मास्तर कशाला सांगतील?

मग न्याय समान असावा म्हणून मास्तर सरकारी शाळेच्या हेडसरांकडे गेले आणि म्हणाले, तुम्हाला फुकट गाडी शिकवतो. हेडसरांकडे गाडी नव्हती, घ्यायचा विचारही नव्हता, पण क्लच म्हणजे नक्की काय असतं हे बघायची त्यांना भारी हौस. ते आले. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरूच केली नाही, नुसता क्लच दाबत आणि सोडत बसले. आत काय होतं, म्हणून त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी आयुष्यभर क्लच दाबायला शिकवलं होतं, आत काय होतं ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हेडसर म्हणाले, मलाही माहीत नाही, बघून येतो. दुसऱ्या दिवशी ते घरून दोन ताटल्या घेऊन आले आणि एकमेकींवर घासून क्लच कसा चालतो ते दाखवलं. मग रस्त्यावर निघाले. नाक्यावर बांधकामाची उंच क्रेन फिरत होती ती बघायला त्यांनी दोन्ही हात सोडले. एका पोस्टमनला पत्ता विचारायला थांबले, पत्ता हवा नव्हता, त्याच्या सायकलची घंटा आवडली होती. मास्तरांच्या पोटरीत गोळे आले. एवढा ब्रेक त्यांनी अख्ख्या वर्षात मारला नव्हता.

निकाल स्पष्ट होता. मास्तरांनी घरी येऊन जाहीर केलं की खासगी. सरकारीचा माणूस दुसऱ्या गियरच्या पुढे जात नाही. बायको म्हणाली की ठीक आहे, तुम्ही एवढी अक्कल पाजळलीच आहे तर आता बाईंना विचारून बघा. दीडीला मात्र काही कुणी विचारलं नाही. ती टेबलाखाली वाचत बसली होती.

प्राचार्यबाई शिस्तीच्या असल्या तरी माणूसघाण्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की मुलीशी बोलून ठरवू, पण शाळेत सध्या वेळ नाही, तेव्हा उद्याच्या तासाला तिला मागच्या सीटवर बसवून आणा, गाडीतच बोलू. मास्तर खूश. आपलीच गाडी, आपलाच रस्ता, पाय ठेवायला आपलाच ब्रेक. घरी त्यांनी दीडीला फक्त एवढंच बजावलं की विचारलं तेवढंच बोल. हात दाखवून अवलक्षण करून घेणं म्हणजे काय हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळणार होतं.

गाडी इस्पितळाच्या लांबलचक भिंतीच्या कडेने निघाली. तो रस्ता सरळ आणि रिकामा, म्हणून नवशिक्यांना तिथेच नेत. बाईंनी दोन्ही आरसे बघितले, तिसऱ्यात दीडीला बघितलं आणि विचारलं, "मोठेपणी तुला काय व्हायचंय?"

दीडीने ते अजून ठरवलं नव्हतं, म्हणून तिने उलट विचारलं की तुम्हाला काय व्हायचं होतं. बाई क्षणभर घुटमळल्या आणि म्हणाल्या की गायिका. दीडी पुढे वाकली. "मग का नाही झालात?"

गाडी खाडकन थांबली. तिघंही पुढे जाऊन मागे आले. बाईंनी घाबरून आपल्या पायाकडे बघितलं आणि माझं काय चुकलं म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, काही नाही, मांजर होतं.

गाडी पुन्हा निघाली. बाईंना वाटलं, मुलांचा आवडता विषय काढावा. आमच्या शाळेत घोडा आहे म्हणून त्यांनी सांगितलं. त्याच्यावर कोण बसतं, दीडीने विचारलं. सध्या कुणी नाही, बाई म्हणाल्या, विम्याची थोडी अडचण आहे. दीडीने यावर विचार केला. "मग तो शाळेत येऊन शिकतो काय?"

पुन्हा खाडकन. या वेळी बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. कुत्रं, मास्तर म्हणाले. बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं. रस्ता स्वच्छ धुतल्यासारखा रिकामा.

मास्तरांना घाम फुटला होता. सगळं हातचं जाणार असं दिसत होतं, आणि पाय तर त्यांच्या ताब्यातच नव्हता. बाईंनी चष्मा नीट केला, गियर टाकला आणि जरा ठासूनच सांगितलं की आमच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणारे शिक्षक आहेत. दीडीने तोंड उघडलं. ती फक्त "पण तुम्ही" एवढंच म्हणाली असेल नसेल, तोवर गाडी भिंतीला चिकटून उभी.

"बदक," मास्तर म्हणाले.

बदक म्हणताच त्यांचं त्यांनाच कळलं की हे जरा जास्त झालं. इस्पितळाच्या भिंतीशी बदक यायचं काही कारण नव्हतं. बाई हळूहळू त्यांच्याकडे वळल्या. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांकडे त्या ज्या नजरेने बघत असतील तीच ती नजर.

मागून दीडी बोलली. तक्रारीचा सूर नव्हता, एखाद्या पाहुण्याला घराची माहिती द्यावी तसं बोलली. "बदक नव्हतं. कुत्रं पण नव्हतं. मी बोलायला लागले की बाबा ब्रेक मारतात."

बाईंनी विचारलं, नेहमी का? दीडी म्हणाली की हो, गाडी नसली तरी. लिफ्टमध्ये, दुकानात, जेवताना. सवय झालीये, पाय वाजला की मी थांबते.

बाईंनी किल्ली बंद केली. मग त्यांनी मुलाखतीतला शेवटचा प्रश्न विचारला. तुझ्या आताच्या शाळेत तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?

दीडीने नीट विचार केला. नळ, पुठ्ठ्याची खिडकी, वर्गाच्या बाई, मागचा बाक, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं.

"तिथे बाबा नसतात," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं, पोरीने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. पण ती खरं तेच बोलली होती. इतके दिवस ते दोन शाळा पारखत होते, कोणत्या शाळेत ही पोर गप्प होईल म्हणून रात्रीची झोप घालवत होते, आणि तिला गप्प करायची शाळा तर त्यांनी घरातच उघडली होती. लाज वाटली. नुसती नाही, कानाच्या पाळ्या तापेपर्यंत वाटली. त्यांनी पाय जादा ब्रेकवरून उचलला आणि सीटखाली ओढून घेतला.

बाईंनी गाडी सुरू केली. भिंत संपता संपता इस्पितळाच्या फाटकातून पाण्याचा एक टँकर मागे मागे येत रस्त्यात शिरला. हा खरा टँकर होता. मास्तरांचा पाय उसळला. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला आणि डोळे मिटले. गाडी करकचून थांबली. डोळे उघडले तर टँकर नाकासमोर, आणि बाईंचा पाय ब्रेकवर.

"ही मी थांबवली," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की त्या शाळेतल्या कुणी ते कधी पाहिलं नसेल. मग त्यांना काहीतरी उमजलं आणि त्यांनी विचारलं की याआधीचे सगळे ब्रेक कुणाचे? मास्तरांनी खाली मान घालून सांगितलं की माझे.

उतरताना त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. जागा तुमच्या मुलीची आहे, त्या म्हणाल्या, मला ती हवीच आहे, पण तिला विचारा. गाण्याचं मलाही कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरात बैठक बसली. बायकोला सगळी हकिकत कळली होती. ती बदकापाशी इतकी हसली की खालच्या आजीबाई पुन्हा वर येतात की काय अशी भीती वाटली. मग ती गंभीर झाली आणि म्हणाली की आता विचारा तुम्हीच. मास्तर खुर्चीवर बसले. फरशीकडे बघून त्यांनी क्षणभर विचार केला, चपला काढल्या, आणि खुर्चीतच मांडी घालून दोन्ही पाय मांड्यांखाली दाबून टाकले.

"तुला कुठल्या शाळेत जायचंय?"

दीडीने आधी बाबांच्या पायांकडे बघितलं. ते दिसेनात. ती सावधपणे सुरू झाली. म्हणाली की दुर्बीण छान आहे, पोहणंही छान आहे, घोड्याचं तिला वाईट वाटतं. पण टेकडीवर सगळ्यांना सगळं आधीच येतं, मग ती विचारणार काय आणि कुणाला? इथे हेडसरांना विचारलं तर त्यांना पुष्कळदा येत नाही. ते म्हणतात बघून येतो, आणि दुसऱ्या दिवशी खरंच बघून येतात, मग ती आणि हेडसर मिळून भांडतात की ते बरोबर आहे का. एकदा तर तेच चुकले होते आणि त्यांनी तिला टाळी दिली.

मास्तरांच्या डोक्यात प्रत्येक वाक्याला एक उत्तर तयार होतं. सातवीचं गणित संपल्यावर काय? खिडकीच्या पुठ्ठ्याचं काय? जो माणूस क्रेन बघायला दोन्ही हात सोडतो त्याच्या हातात पोर द्यायची? मांड्यांखाली त्यांच्या पायांना अशा मुंग्या आल्या होत्या की विचारू नका. पण ते हलले नाहीत. दीडीचा आवाज हळूहळू मोकळा झाला, हात फिरायला लागले, ती उठून उभी राहून बोलू लागली. इथेच राहते, ती म्हणाली, आणि पुढच्या वर्षी मला परत विचारा, तेव्हा कदाचित मी घोड्याच्या बाजूने असेन.

मग ती थांबली. कुणी थांबवलं नव्हतं, त्यामुळे तिलाच जरा चुकल्यासारखं झालं.

"झालं माझं," ती म्हणाली. "आता तुमचं सांगा."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. बायको काही मदत करायच्या विचारात नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

"मला काही म्हणायचं नाही," ते म्हणाले.

दीडीला हे खरं वाटेना. तिने वाकून खुर्चीखाली बघितलं, पुन्हा वर बघितलं, आणि आपल्या जागेवर ऐसपैस बसली.

"मग माझं अजून थोडं राहिलंय," ती म्हणाली.